वाचकांचे प्रश्न : मलबार नेमके कुठे?

प्रश्न : मुंबईची टेकडी, नौदलाचा सराव आणि भीमाशंकरचे शेकरू या सगळ्यांना ‘मलबार’ हे नाव का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मलबार हा मूळचा केरळचा उत्तर किनारा. तेथील मिरीच्या व्यापारामुळे अरब आणि युरोपीय खलाशांच्या तोंडी हे नाव बसले आणि मग ते किनारा सोडून दूरवर पसरले. वाळकेश्वरच्या टेकडीला मलबारकडच्या यात्रेकरूंमुळे किंवा चाच्यांमुळे ते मिळाले, असे सांगितले जाते. नौदलाचा सराव १९९२ साली भारत आणि अमेरिका यांनी सुरू केला. पुढे तो जपानजवळच्या समुद्रातही झाला, पण नाव तेच राहिले.

शास्त्रीय नावांची गोष्ट अधिक रंजक आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांच्या ‘होर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ दरम्यान निघालेल्या १२ खंडांमुळे मलबारच्या वनस्पती युरोपात पोहोचल्या, आणि पुढे ‘मलबारिकस’ हे विशेषण इतके सैल झाले की पुण्याभोवतीच्या कोरड्या माळांवरची माळटिटवीही ‘व्हॅनेलस मलबारिकस’ ठरली. शेकरूचे शास्त्रीय नाव मात्र ‘रटूफा इंडिका’. त्याचे मलबारपण केवळ इंग्रजी बोलण्यातले आहे.