ॲबाचा ‘अराइव्हल’, काळी पाचमधून

प्रश्न असा आहे : ‘लहानपणी जीव टाकलेला एखादा पॉप अल्बम तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा ऐकला तर तसाच वाटतो का, की मजा निघून गेलेली असते?’

मला तर तो चक्क उतरलेला वाटला. मजा नंतर आली. थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या बाबतीत दोष वयाचा नव्हता, बॅटरीचा होता.

अल्बम म्हणजे ॲबा या स्वीडिश पॉप बँडचा ‘अराइव्हल’. 1976 च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये निघाला. आमच्या म्हापशाच्या घरी पोचला 1981 साली, मी आठवीत असताना. शेजारचे अंकल बोटीवर होते. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. सुट्टीवर आले की त्यांच्या ट्रंकेतून चॉकलेटं, साबण आणि कॅसेटी निघायच्या. कॅसेट द्यायला ते तयार नव्हते, पण ‘इथे बसून उतरवून घे’ म्हणाले. आमच्याकडे एक छोटा रेकॉर्डर होता. त्याचा ॲडॅप्टर जळलेला, म्हणून तो बॅटरीवर चालायचा. वायर-बियर काही नाही. अंकलच्या डेकसमोर आमचा रेकॉर्डर ठेवला, लाल बटण दाबलं आणि सगळ्यांना गप्प बसवलं. पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, मात्र कोणाचं ऐकणार? ‘माय लव्ह, माय लाईफ’ अगदी हळुवार जागेवर आलं आणि गल्लीतून त्याचा भोंगा वाजला, पों-पों, दोनदा. पुढे कित्येक वर्षं माझ्यासाठी तो त्या गाण्याचाच भाग होता.

ही कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली. आमचं घर भजनी. काका पेटी वाजवायचे, सप्त्याला, चवथीच्या आरत्यांना. मीही त्यांच्याकडेच शिकलो. साहजिकच ‘डान्सिंग क्वीन’ पेटीवर बसवलं. काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, सा धरली की ते कॅसेटशी बरोब्बर जुळायचं. काकांनी आधी ‘कोण आबा?’ असं विचारून घेतलं. मग डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “कितल्यो चलयो गायतात रे ह्यो?” दोन मुली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोघींचा गळा एवढा रुंद लागत नाही, नर-नर पेटीसारखा आवाज आहे, म्हणाले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : नर-नर पेटीत एकाच सप्तकाच्या सुरांचे दोन संच असतात. पट्टी एक दाबली की दोन सूर बोलतात. ते एकमेकांपासून केसभर सरकलेले असले की आवाज थरथरतो, भरून येतो. मी तेव्हा मनात हसलो होतो. परदेशी गाण्यातलं काकांना काय कळणार!

आता 2022 ची चवथ. मी स्टुलावर उभा राहून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या फळापानांच्या छताला, सुपारीचा घोस बांधत होतो. मुलीने खाली फोन स्पीकरला जोडला आणि अख्खा ‘अराइव्हल’ लावला, मला आवडतो म्हणून. ‘डान्सिंग क्वीन’ची ती पियानोवरून घरंगळत येणारी सुरुवात झाली, मी सवयीने तोंड उघडलं आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि ॲबा, वेगवेगळ्या सुरात. शिवाय गाणं जडशीळ, पाय ओढत चालल्यासारखं. मी म्हटलं, तुझा फोन बिघडलाय. ती म्हणाली, “बाबा, तूच चढा लावलायस.” आरतीसाठी पेटी बाहेर काढलेलीच होती. खाली उतरून पट्टी दाबून बघितली. गाणं पांढरी सहामध्ये, म्हणजे काळी पाचच्या अर्धा स्वर खाली. दुसरीकडून लावलं, तिथेही पांढरी सहा.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मरायला टेकलेल्या बॅटरीवर रेकॉर्डर हळू फिरत होता. त्यावर भरलेली टेप नंतर नव्या ॲडॅप्टरवर नीट वेगाने वाजवली की सगळं जलद आणि चढं. अर्धा स्वर चढायला साधारण सहा टक्के वेग पुरतो. तेहेतीस मिनिटांचा अल्बम माझ्याकडे एकतीस मिनिटांत संपत होता. बॅटरी जसजशी उतरत गेली तसतशी टेप आणखी चढत गेली असणार, कारण दुसऱ्या बाजूचं ‘टायगर’ मला पेटीवर कधीच कुठल्याच पट्टीत धड सापडलं नव्हतं. तेव्हा मी माझ्या कानाला शिव्या घातल्या होत्या.

आणि इथे काका आठवले. ॲबाचे ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटोव यांनी फिल स्पेक्टर या अमेरिकन संगीत-निर्मात्यावरचं एक पुस्तक वाचलं होतं. स्पेक्टर एकेका गाण्याला वादकांचा ताफाच बसवायचे. तेवढे पैसे इथे नव्हते. म्हणून ट्रेटोवनी 1973 च्या ‘रिंग रिंग’ गाण्यापासून युक्ती काढली : तेच वादन दोनदा मुद्रित करायचं आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलायचा. दोन थर केसभर सरकतात आणि आवाज दाट होतो. पुढे त्या दोघींचे आवाजही असेच थरावर थर चढवून घेतले जात. म्हणजे अंकलच्या बैठकीत माझ्याकडून चुकून झालं तेच स्टॉकहोमच्या स्टुडिओत मोजूनमापून चाललेलं! काकांच्या कानाने ते ढोबळ रेकॉर्डिंगमधूनही पकडलं. ते 2004 साली गेले, त्यांना सांगायचं राहून गेलं.

मूळ वेगात सगळ्यात जास्त बदलल्या त्या गायिका. माझ्या कॅसेटवर त्या शाळकरी मुली होत्या, म्हणून तर काकाही ‘चलयो’, म्हणजे पोरी, म्हणाले. प्रत्यक्षात अल्बम आला तेव्हा आग्नेथा 26 वर्षांची आणि फ्रीडा 30 वर्षांची. ‘नोइंग मी, नोइंग यू’मध्ये फ्रीडा खालच्या सुरात रिकाम्या घराबद्दल गाते. तिथे पहिल्यांदाच मला एक मोठी बाई ऐकू आली. हसू थांबलेलं, मुलं खेळायची त्या खोल्या रिकाम्या. आठवीत मी त्यातली ‘आहा’ तेवढी म्हणायचो. पुष्कळांना वाटतं, हे बँडमधल्या दोन जोडप्यांच्या घटस्फोटांवरचं गाणं. तसं नाही. ते 1976 चं आहे. ब्यॉर्न-आग्नेथा वेगळे झाले 1978 च्या अखेरीस, आणि बेन्नी-फ्रीडा 1981 मध्ये. आधी गाणं, मग आयुष्य. हे जास्त अस्वस्थ करतं.

‘डान्सिंग क्वीन’चंही तेच. त्याचं मुद्रण ऑगस्ट 1975 मध्ये सुरू झालं आणि रेकॉर्ड बाजारात यायला वर्ष गेलं. मध्ये ‘फर्नांडो’ निघून गाजलंसुद्धा. (ते मूळ ‘अराइव्हल’मध्ये नाही. गोव्यात हे सांगितलं की लोक वाद घालतात.) नुसत्या वाद्यांची टेप बेन्नीने घरी नेऊन ऐकवली तेव्हा फ्रीडाला रडू आलं होतं, असं सांगतात. माझ्या कॅसेटवरून यात रडण्यासारखं काय, ते कळलंच नसतं. त्या वेगात ती नुसती उडी होती. खऱ्या वेगात ढोल मागे रेलून बसतात आणि लक्षात येतं की सतरा वर्षांची मुलगी नाचतेय, पण गाणारे कडेला उभे राहून तिच्याकडे बघताहेत. मुलगी स्पीकरजवळ मान हलवत होती तेव्हा मीही नेमका तिथेच होतो, स्टुलावर.

सगळंच काही टिकलेलं नाही. ‘डम डम डिडल’ तेव्हाही पोकळ वाटायचं, आता पुढे सरकवतो. ‘व्हेन आय किस्ड द टीचर’ची चाल गोड, पण मुलीचा बाप झाल्यावर शब्दांना नाक मुरडलं जातं. ‘मनी, मनी, मनी’ आमच्याकडे बीट शोमध्ये इतक्या बँडांनी इतक्या वेळा कुटलंय की मूळ गाणं मला ऐकूच येत नाही.

तुमच्या प्रश्नाला एक पुरवणी. पुन्हा ऐकायच्या आधी, तेव्हा नक्की काय ऐकलं होतं ते तपासा. माझी कॅसेट पोटमाळ्यावर सापडली. गोव्याच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरलेली, लावली तर तुटेल. ‘माय लव्ह, माय लाईफ’ आता पों-पों शिवाय ऐकावं लागतं आणि मी त्या जागेवर अजून थबकतो.

त्या चवथीला आरत्या आटपल्यावर मुलीने पेटीवर ‘डान्सिंग क्वीन’ वाजवायला लावलं. पांढरी सहा धर म्हणाली. दोन ओळी धरली, मग बोटं आपसूक काळी पाचवर गेली आणि घुमटवाल्या पोराने तिथूनच ठेका उचलला.