राग पोरावर, खेकसणं वेटरवर

प्रश्न : माझ्या पटकथेतली पात्रं मनातलं सगळं थेट बोलून टाकतात. काय करू? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : अहो, 'मला राग आलाय' असं आपल्याकडे कोण म्हणतं? मनोविश्लेषक फ्रॉइडच्या भाषेत याला विस्थापन म्हणतात : राग एकावर, निघतो दुसऱ्यावर. परवा मिसळ खायला गेलो होतो, शेजारी बाप-लेक. बापाच्या नखांत मोरचुदाचा, द्राक्षांवर फवारतात त्या औषधाचा, निळा रंग, म्हणजे द्राक्षबागायतदारच. पोरगा म्हणाला, "पुण्याची नोकरी घेतली." बाप वेटरवर खेकसला, "तर्री कुठंय? नुसतं पाणी आणलंस!" मग पाव पोराकडे सरकवला. "खा. तिकडं असलं मिळायचं नाही."

'बाग कोण बघणार?' हे तो बोललाच नाही. तुमच्या पात्राचं असं वाक्य आधी वहीत लिहा, मग संवादातून खोडा. आणि स्वगतं कमी करा हो, फार झालीत!