टीव्हीवरचे फुटबॉल तज्ज्ञ खरंच काही सांगतात का? गावातल्या पोरांना शिकवण्यासारखं त्यातून काय निघतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या एका गावात तुम्ही शाळेच्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल खेळवता. मॅच लागली की हाफटाइमला तज्ज्ञ काय बोलतात ते कान देऊन ऐकता, पण 'भूक दिसली नाही', 'मधली फळी हरवली', 'हा मोठ्या सामन्याचा खेळाडू' याच्या पुढं हाती काही लागत नाही. मग दोष तुमचा की त्यांचा? आणि समालोचन हिंदीतून ऐकावं की इंग्रजीतून?

भाऊ, दोष बहुतेक वेळा बोलणाऱ्याचाच. पण त्याच्या हातात वेळ किती असतो तेही बघा. मध्यंतर १५ मिनिटांचं. त्यातून जाहिराती, गोलांचे रिप्ले आणि पुढच्या सामन्याची दवंडी वजा करा. उरलेल्या चार-पाच मिनिटांत एक निवेदक आणि दोन-तीन माजी खेळाडू, म्हणजे माणशी दीड मिनिट आलं. तेवढ्यात नकाशा मांडून कारण सांगणं अवघड आणि 'भूक' म्हणून मोकळं होणं सोपं. इंग्लंडमध्ये स्काय स्पोर्ट्सच्या सोमवार रात्रीच्या कार्यक्रमात माजी बचावपटू गॅरी नेव्हिल २०११ साली आणि जेमी कॅरॅगर २०१३ साली आले. त्यांचं बोलणं वजनदार वाटतं, कारण त्यांना पडद्यावर क्लिपा थांबवून, मागंपुढं करून समजवायला वेळ मिळतो आणि आठवडाभराची तयारी हाताशी असते. एखाद्या सामन्याच्या हाफटाइमला दीड मिनिट दिलं तर तेही 'इच्छाशक्ती'वर येतात. त्या कार्यक्रमाचे तुकडे यूट्यूबवर सापडतात. भाषा नाही कळली तरी बाण आणि वर्तुळं कळतात.

आता बोलणं खरं की पोकळ हे कसं ओळखायचं? पऱ्हाटी पिवळी पडली तर 'पीक बिघडलं' असं पानठेल्यावरचा कोणीही सांगेल. वावरात पाणी साचलं, नत्र कमी पडलं की रसशोषक किडी लागल्या, हे जो सांगेल त्याचं ऐकायचं, कारण उपाय कारणावर ठरतो. तज्ज्ञाच्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न लावा: कोण, कुठं, कधीपासून? 'मधली फळी हरवली' याला तिन्हींचं उत्तर नाही. 'विसाव्या मिनिटापासून समोरचा दहा नंबरवाला आपल्या दोन हाफबॅकच्या (मधल्या फळीतल्या गड्यांच्या) मागं उभा राहतोय आणि स्टॉपर (मधला बचावपटू) पुढं यायला घाबरतोय' याला आहे. दुसरं वाक्य चूकही असू शकतं. पण पुढची दहा मिनिटं बघून ते पडताळता येतं.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती थांबवलेल्या चित्रात. गोल झाला की तज्ज्ञ चित्र थांबवतो, एका बचावपटूभोवती वर्तुळ काढतो आणि म्हणतो, 'हा बघा, माणूस सोडला.' चित्र खोटं नसतं, पण ते शेवटच्या क्षणाचं असतं. नेहमी होणारा एक गोल घ्या. समोरच्यांनी आपल्या उजव्या बाजूनं क्रॉस टाकला, दूरच्या खांबाजवळ त्यांचा स्ट्रायकर मोकळा, हेडर, गोल. वर्तुळ काढलं जातं लेफ्ट बॅकभोवती, म्हणजे डाव्या टोकाच्या बचावपटूभोवती. आता क्लिप सात-आठ सेकंद मागं घ्या. लेफ्ट बॅक आत का सरकला होता? कारण डावा स्टॉपर मधे ओढला गेला. तो का? कारण उजवा स्टॉपर बाहेर गेला होता. तो बाहेर का गेला? कारण राइट बॅकसमोर दोघं आले. दोघं का आले? कारण आपला राइट विंगर बॉल गेल्यावर चालत चालत परतत होता. चूक उजवीकडं पुढं झाली आणि शिव्या डावीकडं मागं पडल्या. चांगला विश्लेषक गोलाच्या क्षणापासून नाही, बॉल गमावला त्या क्षणापासून क्लिप लावतो. पोरांना एवढी एकच सवय लागली तरी पुष्कळ झालं: गोल खाल्ल्यावर 'कोणी सोडला' विचारायच्या आधी 'बॉल कुठं गेला होता' ते विचारायचं.

टीव्हीचा कॅमेराही इथं आडवा येतो. मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटरचं, आणि मुख्य कॅमेरा बॉलभोवतीचा तुकडाच दाखवतो. दूरचा विंगर आणि मागची फळी बहुतेक वेळ चौकटीबाहेरच असतात. खेळाडूच्या पायात ९० मिनिटांत बॉल असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो जागा घेत असतो, आणि नेमकं तेच आपल्याला दिसत नाही. म्हणून समोर मोठा टीव्ही असूनही तुम्हाला कळत नसेल, तर त्यात तुमच्या डोक्याचा काही दोष नाही.

चांगलं विश्लेषण कसं दिसतं यासाठी १८ डिसेंबर २०२२ ची विश्वचषकाची अंतिम लढत घ्या. अर्जेंटिनानं डी मारियाला सुरुवातीपासून उतरवलं, आणि तेही डावीकडं. तो एरवी उजवीकडं जास्त खेळणारा. समोर फ्रान्सचा राइट बॅक कुंदे, जो मुळात स्टॉपर, आणि त्याच्या पुढं डेंबेले, ज्याला तेव्हा मागं येऊन अडवायची सवय कमी. मेस्सी मधे-उजवीकडं बॉल घ्यायचा, फ्रान्सची माणसं तिकडं सरकायची, आणि डी मारिया रेषेला चिकटून एकटा उभा. डेंबेलेनं त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली, मेस्सीनं २३ व्या मिनिटाला गोल केला. ३६ व्या मिनिटाला प्रतिहल्ला त्याच बाजूनं संपला आणि दुसरा गोल खुद्द डी मारियाचा. ४१ व्या मिनिटाला, म्हणजे हाफटाइमही न होता, फ्रान्सचा प्रशिक्षक देशाँनं डेंबेले आणि जिरू दोघांना बाहेर काढलं. ६४ व्या मिनिटाला डी मारिया बाहेर गेला. अर्जेंटिनाची ती बाजू शांत झाली आणि फ्रान्सला वर यायला वाट मिळाली. ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बाप्पेचे दोन गोल. फ्रान्स परतला तो नुसत्या त्या एका बदलामुळं असं मी म्हणणार नाही. ताजे पाय आले, अर्जेंटिना मागं बसली, हेही होतंच. पण 'अर्जेंटिना जिद्दीनं खेळली, मग फ्रान्स जागा झाला' यापेक्षा हे सांगणं कितीतरी उपयोगाचं, कारण यातून पोरांना दाखवता येतं: बॉल एका बाजूला खेळवायचा, समोरच्यांना तिकडं गोळा करायचं, आणि दुसऱ्या बाजूचा गडी हलू द्यायचा नाही. 'हलू द्यायचा नाही' हा भाग सगळ्यात अवघड. पोरगं बॉलमागं पळतंच.

त्याच स्पर्धेत २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळं रद्द झाले. 'सौदीचं नशीब' म्हणणं सोपं होतं, पण त्यांची मागची फळी मुद्दाम वर, मध्यरेषेच्या बरीच जवळ उभी होती (यालाच हाय लाइन म्हणतात), म्हणून पास सुटायच्या आधीच तिच्या पुढं पळालेला गडी ऑफसाइड ठरायचा. याचा नियम पोरांनाही पाठ होतो: पास देणाऱ्याच्या अंगावर आपला गडी असेल तर फळी वर राहते, पास देणारा मान वर करून मोकळा उभा असेल तर फळीनं मागं पळायचं. तज्ज्ञानं 'हाय लाइन धोक्याची' एवढंच म्हटलं आणि पास देणाऱ्याचं नावच काढलं नाही, तर विश्लेषण अर्धं राहिलं.

आकड्यांबद्दल. बॉल कोणाकडं किती टक्के होता हे पडद्यावर झळकतं आणि तज्ज्ञ त्यालाच लटकतो. ८ जुलै २०१४ ला जर्मनीनं ब्राझीलला ७-१ नं धुतलं. त्या सामन्यात ब्राझीलकडं बॉल थोडा जास्त वेळ होता आणि त्यांनी फटकेही जास्त मारले होते. खेळाचा निकाल २३ ते २९ या मिनिटांतच लागला होता, त्यात चार गोल झाले. त्यानंतरचे आकडे म्हणजे मळणी झाल्यावरचा भुसा. म्हणून टक्केवारी ऐकली की विचारायचं, कोणत्या स्कोअरवर? मागं पडलेला संघ बॉल जास्त खेळवतोच, पुढं असलेला त्याला खेळवू देतो.

'एक्सजी' म्हणजे अपेक्षित गोल, हा आकडा त्याहून बरा. प्रत्येक फटक्याला, तशा जागेवरून पूर्वी किती गोल झाले त्यावरून ० ते १ किंमत देतात. पेनल्टीला साधारण ०.७८. घोळ होतो बेरजेत. दुरून मारलेले ०.०५ चे दहा फटके मिळून ०.५ होतात आणि एकच सोपी संधीही ०.५ असू शकते. बेरीज सारखी, पण दहा फटक्यांतून किमान एक गोल व्हायची शक्यता येते ४० टक्के, सोप्या संधीतून ५० टक्के. एका सामन्याच्या एक्सजीवरून 'अन्याय झाला' म्हणणारा तज्ज्ञ घाई करतोय. दहा-पंधरा सामन्यांचा कल सांगत असेल तर ऐका. 'किती किलोमीटर धावला' हा आकडा मात्र सरळ सोडून द्या. चुकीच्या जागी उभा असणाराच जास्त धावतो.

भाकितावरूनही माणूस मोजू नका. ऑगस्ट १९९५ मध्ये ॲस्टन व्हिलानं मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवलं, आणि पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, असं माजी बचावपटू ॲलन हॅन्सन बीबीसीवर म्हणाला. त्याच मोसमात युनायटेडनं लीग आणि एफए कप दोन्ही घेतले. त्या वाक्यावरून अजून हसतात, पण बचाव का फुटला हे समजावण्यात हॅन्सन चांगलाच होता. नियमांच्या बाबतीत मात्र माजी खेळाडूंवर भरवसा ठेवू नका. त्यांच्यातले बरेच जण स्वतः खेळत होते तेव्हाचेच नियम धरून बोलतात. थ्रो-इन, गोलकिक किंवा कॉर्नरवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो, एवढं पोरांच्या मनात पक्कं करा. बाकी नियमांची पुस्तिका आयएफएबीच्या (फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर फुकट आहे.

आता काम. पोरांना हायलाइट्स दाखवू नका. त्यात फटके दिसतात, फटक्याआधीचं काही दिसत नाही. पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग घ्या आणि त्यातली फक्त १५ मिनिटं लावा, शक्यतो गोलाच्या आधीची. रात्री दीडला लागणाऱ्या लढतीसाठी पोरांना जागवण्यात अर्थ नाही. मोबाइलवर आठ जणांना दाखवू नका, खेळाडू मुंगीएवढे दिसतात. शाळेचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर मागा. आवाज बंद करा. वहीच्या पानावर आडवा आयत काढून नऊ घरं पाडा, तीन लांबीत, तीन रुंदीत. आपला संघ कोणत्या दिशेला खेळतोय त्याचा बाण काढा. एका पोराकडं एकच काम: संघानं बॉल गमावला की त्या घरात टिंब आणि शेजारी मिनिट. दुसऱ्याकडं बॉल जिंकल्याची टिंबं. तिसऱ्यानं बॉल बघायचाच नाही, फक्त लेफ्ट बॅक बघायचा.

इथं तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पोरं सगळंच टिपायला जातात आणि पान कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. दुसरी, रिप्ले चालू असताना थ्रो-इन होऊन जातो आणि मधलं टिंब राहतं. राहू द्या, अंदाजानं भरू नका. तिसरी, हाफनंतर बाजू बदलते आणि कोणी नवं पान घेत नाही. पंधरा मिनिटांनी टिंबं कुठं दाटली ते बघा आणि मगच त्याच सामन्याचं हाफटाइमचं बोलणं लावा. तज्ज्ञ तुमच्या पानाला धरून बोलतोय की भलतंच, हे पोरंच सांगतील.

टीव्हीवरचं सगळं आखरावर उतरवू नका. जून २०१९ पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर जायची अट नाही, म्हणून मोठे संघ गोलीपासून छोटे पास खेळून समोरच्यांना पुढं ओढतात आणि त्यांच्या मागची जागा वापरतात. तज्ज्ञ 'उगाच मागं खेळतात' म्हणतो तेव्हा तो हे सांगत नाही. पण आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बॉल चिखलात रुततो आणि उन्हाळ्यात भेगांवरून उसळतो. तिथं गोलीनं बॉक्समध्ये पास देणं म्हणजे समोरच्याला गोल वाढून देणं. पावसाळ्यात बॉल बाजूच्या रेषेकडं लांब टाका आणि खाली पडणाऱ्या बॉलसाठी दोन गडी आधीच तिथं उभे ठेवा. दिवाळीनंतर जमीन बसली, रोलर फिरला, की मग छोटे पास. सात-सात जणांच्या ५०-६० मीटर लांबीच्या मैदानावर हाय लाइनही जपून, कारण गोलीच्या एका लांब किकमध्ये बॉल फळीच्या मागं पडतो.

भाषेचं म्हणाल तर हिंदी समालोचन उत्साही असतं, पण त्यात नावं आणि आरडाओरडा जास्त, जागा कमी. इंग्रजीत मुख्य समालोचक फक्त काय घडतंय ते सांगतो. त्याच्या शेजारचा माजी खेळाडू जे मधेमधे बोलतो तेवढंच कामाचं. त्याच्या तोंडून गॅप (दोघांमधली मोकळी जागा), लाइन (फळी), प्रेस (बॉलवाल्याच्या अंगावर जाणं), सेकंड बॉल (झटापटीतून सुटून खाली पडणारा बॉल), स्विच (बॉल एकदम दुसऱ्या बाजूला टाकणं) हे पाच शब्द ओळखता आले की पोरांचं भागतं.