सिस्टिम्समधील पीएच.डी.साठी देशाआधी मार्गदर्शक निवडा

पुण्यात बी.ई. करून दोन वर्षे नोकरी केल्यावर कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या विषयात, पीएच.डी. करावी, पुढे प्राध्यापक व्हावे, आणि त्यासाठी अमेरिका गाठावी की जर्मनी, असे तुम्ही विचारले आहे. मी जर्मनीत पीएच.डी. करून येथेच संशोधन करतो, तरीही माझे स्पष्ट मत असे की देशाआधी मार्गदर्शक निवडावा.

या विषयात नुसती कल्पना मांडून भागत नाही; ती बांधून, चालवून, मोजून दाखवावी लागते. त्यामुळे एसओएसपी किंवा ओएसडीआयसारख्या या विषयातील आघाडीच्या परिषदेला पाठवायच्या एका पेपरमागे दोन वर्षे सहज जातात, आणि तो नाकारला गेला तर तेच काम सुधारून पुन्हा पाठवायचे असते. आमच्या गटात एकदा एकाच प्रयोगाचे आकडे दर वेळी वेगळे येत होते आणि कोडमध्ये काहीच सापडेना. काही वेळा प्रोग्राम एका प्रोसेसरवर चालत होता आणि त्याची मेमरी दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेली होती, त्यामुळे ती वाचायला जास्त वेळ लागत होता, हे आकड्यांचा आलेख पाहून आमच्या मार्गदर्शकांनी ओळखले. असे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. म्हणून अर्जापूर्वी त्या गटाचे अलीकडचे पेपर वाचा, प्रथम लेखक विद्यार्थीच आहेत का ते पाहा, आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना थेट पत्र लिहा.

अमेरिकेत बी.ई.नंतर थेट प्रवेश मिळू शकतो. जर्मन विद्यापीठांत बहुधा मास्टर्स लागते. मात्र कायझर्सलाउटर्न आणि झारब्रुकन येथील माक्स प्लांक सॉफ्टवेअर सिस्टिम्स संस्था पदवीनंतरही विद्यार्थी घेते. विद्यापीठात पीएच.डी. करणारा बहुधा टीव्ही-एल १३ (जर्मन राज्यांच्या सरकारी वेतनकरारातील एक श्रेणी) श्रेणीचा पगारी कर्मचारी असतो, त्यामुळे आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी सुरू होते. पण येथील कायद्याने विद्यापीठातील मुदतीच्या नेमणुकांना सर्वसाधारणपणे पीएच.डी.पूर्वी ६ आणि नंतर ६ वर्षांची मर्यादा आहे, आणि प्राध्यापकांच्या कायम जागा मोजक्याच असतात. तेव्हा पुढे पुन्हा देश बदलावा लागेल, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

तयारीसाठी एमआयटीच्या एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील स्वाध्याय खुले आहेत; ते सगळे स्वतः सोडवा. शिफारसपत्राकडे मात्र विशेष लक्ष द्या. तुम्ही मेहनती आहात, एवढेच सांगणारे कंपनीतील वरिष्ठांचे पत्र फारसे उपयोगी पडत नाही. तुमचे संशोधन जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे पत्र लागते. शक्य असेल तर मुंबईच्या आयआयटीत किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एखाद्या गटात वर्षभर प्रकल्पावर काम करा आणि मग अर्ज करा.