ज्येष्ठांच्या वसाहतीसाठी गोल्फ कार्ट: कंपनी कुठली, बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम?

आधी बॅटरी ठरवा, कंपनी नंतर. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या आमच्या वसाहतीत पहिली कार्ट लेड-ॲसिडची. सीटखाली ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडं! एका उन्हाळ्यात ते राहिलं, प्लेटा उघड्या पडल्या आणि गाडी चढाला धापा टाकायला लागली. लिथियम महाग, पण पाण्याची कटकट नाही, वजनाला हलकी, चार्जही लवकर होते. फक्त चार्जर लिथियमचाच घ्या, जुना जोडू नका.

आता कंपनी. अमेरिकेच्या ‘क्लब कार’ कंपनीच्या गाडीची चौकट ॲल्युमिनियमची, म्हणजे आपल्या पावसात गंजाची भीती कमी, तिथल्याच ‘ई-झेड-गो’ कंपनीची पोलादी. तरी सुट्या भागांसाठी ताटकळायला नको म्हणून मी पुण्याची कायनेटिक ग्रीन आधी बघेन.