फॉस्फेटमधलं प्रोटीन आणि एका रात्रीत आलेले क्रिस्टल

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ह्युमन कार्बोनिक अनहायड्रेज दोन (माणसाच्या शरीरातलं, झिंक असलेलं एन्झाइम), ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), प्लेट ४ अंशांवर, ०.२ मोलर कॅल्शियम अ‍ॅसिटेटच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) एका रात्रीत काचेसारखे सुबक क्रिस्टल, आणि क्ष-किरणांवरून आलेला शेरा 'डिफ्रॅक्शन नाही', म्हणजे किरण विखुरून ठिपके उमटलेच नाहीत. आता प्रोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत घट्ट करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. ते बहुधा प्रोटीन नाहीच, कॅल्शियम फॉस्फेट आहे. ड्रॉप डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे शपथेवर सांगत नाही, पण नेमक्या याच चुकीपायी माझे सात महिने गेलेत.

हिशोब करून बघा. प्रोटीन आणि रिझर्व्हॉयर (वेलमधलं द्रावण) एकास एक मिसळून ड्रॉप लावला की त्यात सुरुवातीलाच १०० मिलिमोलर कॅल्शियम आणि २५ मिलिमोलर फॉस्फेट असतं. पुढे ड्रॉप आटत जातो तसे दोन्ही आकडे दुपटीकडे सरकतात. एवढं कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र विरघळून राहूच शकत नाही. मॅग्नेशियम आणि झिंकच्या वेलमध्येही हेच होतं. पीबीएसमध्ये (प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या फॉस्फेटयुक्त खारट बफरमध्ये) फॉस्फेट १० मिलिमोलरच असतं, तरी तेही चालणार नाही. जाता जाता: रिझर्व्हॉयरमध्येच भरपूर सोडियम फॉस्फेट असेल तर ती प्लेट फ्रीजमध्ये ठेवू नका. डायसोडियम फॉस्फेटची विद्राव्यता थंडीत झपाट्याने उतरते.

खात्री करायला सगळ्यात स्वस्त चाचणी कंट्रोल ड्रॉपची. तोच रिझर्व्हॉयर, तोच फॉस्फेट बफर, फक्त प्रोटीन नको. त्यातही क्रिस्टल आले तर विषय संपला. ही चाचणी सोडून लोक थेट सिंक्रोट्रॉनच्या (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) वेळेसाठी अर्ज करतात, हे मला अजिबात पटत नाही. दुसरी चाचणी सुईची. एक क्रिस्टल बळी द्या आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुईने हलकेच दाबा. प्रोटीनचा क्रिस्टल निम्मा पाण्याचाच असतो, तो मऊ लागतो आणि भुगा होऊन पसरतो. मीठ, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटसारखा क्षार, सुईला दाद देत नाही, आणि तुटतं तेव्हा बोटाला 'टक्' जाणवतं. मेथिलीन ब्लूसारखा रंग प्रोटीनच्या क्रिस्टलमधल्या पाण्याच्या वाटांतून आत शिरून तो गडद निळा करतो, मीठ कोरं राहतं. मात्र दाट क्षारात रंगाच्याच सुया पडतात, त्यांना क्रिस्टल समजू नका. अतिनील प्रकाशाचा मायक्रोस्कोप मिळत असेल तर उत्तमच, तुमच्या प्रोटीनमध्ये ७ ट्रिप्टोफॅन आहेत, ते छान चमकतं. प्लेट मात्र अतिनील आरपार जाऊ देणारी हवी.

आता त्या शेऱ्याबद्दल. नाव घेत नाही, पण ज्या सामायिक यंत्रविभागाकडे माझे क्रिस्टल गेले होते तिथूनही एवढेच दोन शब्द आले. फ्रेम (डिफ्रॅक्शनची चित्रं) मागितल्या तर 'आम्ही कच्चा डेटा देत नाही'. एक फ्रेम दाखवली असती तरी मीठ त्याच दिवशी ओळखू आलं असतं. तुमच्या प्रोटीनचं युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा खण) साधारण ४२, ४१ आणि ७२ अँगस्ट्रॉमचं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तर असल्या मिठाचं ५ ते १५ अँगस्ट्रॉमचं. त्यामुळे मिठाचे ठिपके शेकडो पटींनी कमी, पण ठसठशीत आणि बीमस्टॉपपासून (थेट किरण अडवणाऱ्या मधल्या ठोकळ्यापासून) लांब पडतात. डिटेक्टर प्रोटीनच्या सवयीने मागे, म्हणजे कडेला ३ अँगस्ट्रॉमपर्यंतचाच तपशील मिळेल असा, ठेवला आणि अर्ध्या अंशाची एकच फ्रेम घेतली तर तीत एकही ठिपका न सापडणं अगदी शक्य आहे. म्हणून फॉर्मवरच लिहून द्या: डिटेक्टर जवळ, कडेला १.५ अँगस्ट्रॉम, ०, ४५ आणि ९० अंशांवर दोन-दोन अंशांच्या फ्रेम, आणि कच्च्या फ्रेम परत हव्यात. तुमचा नमुना आहे, मागायला संकोच कसला?

पुढचं काम सोपं आहे. फॉस्फेट काढून टाकायला अर्धा मिलिलिटर प्रोटीन एक लिटर २० मिलिमोलर ट्रिस (फॉस्फेट नसलेला बफर), पीएच ८.० मध्ये डायलिसिसला (पडद्याच्या पिशवीतून बफर बदलायला) लावा आणि चार-चार तासांनी दोनदा बफर बदला. प्रोटीन मिलिलिटरला १० मिलिग्रॅमवर आणा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. हे प्रोटीन सोडियम सायट्रेटवर चांगलं येतं, त्याला तयार स्क्रीनची (वेगवेगळ्या द्रावणांच्या विकतच्या संचाची) गरजच नाही. चोवीस वेलची प्लेट घ्या: सायट्रेट १.३५ ते १.६० मोलर, ०.०५ च्या पायऱ्यांनी, आणि ५० मिलिमोलर ट्रिसचे चार पीएच, ७.५, ७.८, ८.१ व ८.४. रिझर्व्हॉयर ५०० मायक्रोलिटर, ड्रॉप एकास एक. सायट्रेट चिकट असतं, पिपेट सावकाश सोडा, नाहीतर ड्रॉपचं माप चुकतं. प्लेट खोलीच्या तापमानाला ठेवा आणि रोज उचलून बघू नका. बारीक क्रिस्टलचा सडा पडला तर प्रोटीन ६-७ मिलिग्रॅमवर उतरवा.

बफरमध्ये टिकाऊपणासाठी सोडियम अझाइड घालत असाल तर बंद करा, ते थेट झिंकवर जाऊन बसतं. क्ष-किरणांसाठी क्रिस्टल गोठवताना रिझर्व्हॉयरमध्ये २० टक्के ग्लिसरॉल पुरतं, पण तेही अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये (एन्झाइमचं काम चालतं त्या खोबणीत) शिरतं. इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात तिथे गोळा दिसला तर आपलं इनहिबिटर (एन्झाइमचं काम रोखणारा रेणू) बसलं असं लगेच धरू नका.

कंट्रोल ड्रॉप आजच लावा, आणि उद्या सकाळी त्यात काय दिसलं ते कळवा.