समुद्राजवळच्या घरात लॅपटॉपवर रात्र-रात्र जड प्रोसेसिंग केलं तर तो लवकर खराब होतो का?

तुम्ही लिहिलंय की घर वेंगुर्ल्यात, समुद्राला अगदी लागून. ड्रोनने काढलेले बागांचे फोटो जोडून नकाशे करायचे आहेत, एकेक काम रात्रभर चालतं आणि लॅपटॉप नवा असल्यामुळे धाकधूक वाटते. मी देवगडच्या बाजूला हेच काम करतो, हापूसच्या बागांचं, ओपनड्रोनमॅपवर (ड्रोनचे फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर). माझं स्पष्ट मत असं की प्रोसेसरची काळजी सोडा. बॅटरी, पंखा आणि खारी हवा या तिघांची करा.

प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये ९५ ते १०० अंशांच्या आसपास मर्यादा ठरलेली असते. तिथे पोचला की तो आपणहून वेग उतरवतो. पण ती उष्णता शेजारच्या बॅटरीला लागते, पंखा तासन्‌तास पूर्ण वेगाने फिरून त्याचं बेअरिंग झिजतं आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) सुकते. म्हणून उष्णता मुळातच कमी होऊ द्या. वेग वाढवायचा तर प्रोसेसरला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट उष्णता सोसावी लागते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा, म्हणजे बहुतेक मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा वरचा, जादा वेग) बंद होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला क्वाएट मोड लावा. काम थोडं उशिरा संपेल, पण रात्रभर चालणाऱ्या कामात तेवढ्याने काय बिघडतं?

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. लिथियम बॅटरीला सगळ्यात वाईट म्हणजे १०० टक्के चार्ज आणि त्यात उष्णता. प्लग लावूनच काम करायचं असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लेनोवो, आसूस, डेल यांच्या अ‍ॅपमध्ये सोय असते. अ‍ॅडॅप्टर मूळ वॉटचाच वापरा. कमी वॉटचा असेल तर जड कामात तुटीची वीज बॅटरीतून ओढली जाते आणि ती विनाकारण झिजते.

आता आपल्याकडची खरी अडचण. वापरून जुन्या झालेल्या लॅपटॉपची खालची पाटी उघडून बघा. पंखा आणि त्यापुढची तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाळी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा नि धाग्यांचा जाड थर जमलेला असतो, पंख्याची हवा तिथेच अडते. आणि यूएसबीच्या तोंडाशी जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवट कळंक, नि स्क्रूच्या कडांना गंज दिसतो. हे काम मिठाचं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि बोर्डावरच्या कोरड्या धुळीची वीज वाहून नेणारी ओल होते. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते.

यातून एक गोष्ट निघते, जी पुष्कळांना उलटी वाटेल: चालू, गरम लॅपटॉप आतून कोरडा राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात बंद पडून राहिलेल्या मशीनला धोका जास्त. तेव्हा काम नसलं तरी रोज थोडा वेळ चालू करा, आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दुसरं म्हणजे वारा बघून काम लावा. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून वाहतात. पावसाळा सोडला तर रात्री जेवणं आटोपल्यावर काम सुरू करणं सगळ्यात चांगलं: हवा गारही असते आणि मीठही कमी. टेबल समुद्राकडच्या खिडकीशी नको, मागल्या खोलीत घ्या. लॅपटॉपची मागची बाजू दोन लाकडी पट्ट्यांवर उचला, खालून हवा खेळू द्या. गादीवर किंवा चादरीवर तर कधीच नको. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर नेताना बॅगेतच राहू द्या. तेव्हा आपल्याकडचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे त्याहून गार झालेल्या धातूवर लगेच पाणी धरतं.

जाळी पावसाळ्याआधी आणि नंतर साफ करा. हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं. हे स्वतः जमत नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याला समोर बसून करायला सांगा, पेस्टही त्याच वेळी बदलून घ्या.

लाईटचं काय, हेही विचारलंय. लॅपटॉपला बॅटरी असल्याने क्षणभराची लाईट गेली तर काम मरत नाही, पण जड कामात ती तासभरही पुरेल याची खात्री धरू नका. ओपनड्रोनमॅपमध्ये ‘स्प्लिट’ वापरून मोठी बाग तुकड्यांत पाडा, आणि मध्येच थांबलं तर ‘रीरन फ्रॉम’ने त्याच टप्प्यापासून पुढे चालवा. तुकडे केल्याने रॅमही पुरते, नाहीतर रॅममध्ये न मावलेला सगळा भार एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या डिस्कवर, जातो. वीज कडाडायला लागली, मेच्या शेवटी नि ऑक्टोबरात तर हमखास, की प्लग काढा. जुन्या घरात अर्थिंग आहे का हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या; लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नक्कीच.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या संगणकावर, करा असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. बागेचे काही जीबी फोटो आपल्या नेटवर्कवर वर चढवायलाच रात्र जाते, म्हणून मी त्या फंदात पडत नाही. काम हंगामापुरतं असेल तर हा लॅपटॉप पुरेसा आहे. पण रोजच अशी कामं येऊ लागली तर पहिल्या कमाईतून साधा डेस्कटॉप घ्या: त्याचा पंखा, पेस्ट, रॅम सगळं स्वस्तात बदलता येतं, आणि लॅपटॉप बागेत न्यायला मोकळा राहतो.